साडेसात फेऱ्या

आमच्या घरात काही हलत नसे. तेलाचा डबा खिळ्याला बांधलेला, एकावर एक रचलेल्या पाटांना दोरीचा वेढा, माळ्यावर जायच्या शिडीला वर एक आणि खाली एक गाठ, आणि पडवीतल्या बाकाचा पाय खांबाशी असा जखडलेला की त्याच्याखालचा केर काढताना आईला जमिनीवर आडवं व्हावं लागे. हा सगळा उद्योग आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. सत्तावीस वर्षं ते मालवाहू बोटींवर होते. आधी खलाशी आणि मग तांडेल, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. त्रेपन्नाव्या वर्षी ते कायमचे घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी दोरीचं भेंडोळं घेऊन घरभर फिरले. आई म्हणायची, "अहो, बोट हलते. घर नाय हलत." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "हलला तर?" वेळणेश्वरच्या अलीकडे, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेलं आमचं घर माझ्या आठवणीत एकदाही हललेलं नाही.

तोवर आबा म्हणजे वर्षाकाठी दोन महिन्यांचे पाहुणे. ते यायचे तेव्हा बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं सढळ हाताने पडत, सोलकढीला पहिलं दाट दूध वापरलं जाई आणि मला ओरडायचं काम कोणी करत नसे. पाहुणा जायचा राहिला की घराचं काय होतं ते मी त्या वर्षी पाहिलं. बाराच्या ठोक्याला जेवण, सहाच्या ठोक्याला पुन्हा जेवण, सातला ट्रान्झिस्टरवर बातम्या आणि बातम्या चालू असताना भांड्याचा आवाज नको. आईने पंचवीस वर्षं आपल्या मर्जीने चूल पेटवली होती, ती आता घड्याळाकडे बघत कुळथाची पिठी ढवळायला लागली. मी बाविशीत होतो. कुठे चाललास, कशाला, किती वाजता येणार, हे सांगितल्याशिवाय पायरी उतरता येत नसे, आणि परत यायला पाच मिनिटं उशीर झाला तर आबा घड्याळ हातात धरून पडवीत उभे. ते रागावत नसत. नुसतं घड्याळ दाखवत.

याच माणसाला बोट लागायची. ही आमच्या घरातली सगळ्यात जुनी थट्टा. सत्तावीस वर्षं समुद्रावर काढलेला तांडेल प्रत्येक खेपेला बंदर सोडल्यावर पहिले तीन दिवस बादली उशाशी घेऊन ओकत असे. चौथ्या दिवशी उठून कामाला लागे. पुढच्या बंदरातून त्यांचा फोन यायचा तेव्हा आईचा पहिला प्रश्न तब्येत कशी आहे, जेवलात काय, असा नसे. ती विचारायची, "तीन दिवस झाले?" आणि तिकडून, "झाले" एवढंच. मला लहानपणी त्याचं फार हसू यायचं. माणूस दर वर्षी तेच तीन दिवस भोगायला स्वतःच्या पायाने जातो, ही गोष्ट हसण्यासारखी नाही, हे कळायला मला छप्पन्न वर्षं लागली. आबांच्या तेव्हाच्या वयाला मी आता मागे टाकलंय. पळण्यात कोणाला मागे नाही टाकता आलं, निदान यात तरी.

मी पळत असे. शाळेपासून पळत होतो, मग जिल्ह्याला, मग राज्याला. पंधराशे मीटर हे माझं अंतर. पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणारे साळवी सर एका स्पर्धेला पंच म्हणून आले होते, त्यांनी मला हेरलं. ते स्वतः तरुणपणी पळायचे. घाटाखालच्या त्या वसाहतीत त्यांनी मला वर्षभर दर शनिवार-रविवार बोलावलं, स्वतःच्या घरी ठेवलं, अंडी आणि केळी खाऊ घातली. देशातल्या स्पर्धेत मी दुसरा आलो आणि परदेशातल्या एका इनडोअर स्पर्धेसाठी निवडला गेलो. इनडोअर म्हणजे काय ते मला सरांनी कागदावर काढून दाखवलं. छपराखाली दोनशे मीटरचा लाकडी ट्रॅक, त्यामुळे आमच्या पंधराशेच्या साडेसात फेऱ्या, आणि वळणं अशी की बाहेरची कड उंच आणि आतली खाली, परातीच्या काठासारखी. मी जन्मात छपराखाली पळालो नव्हतो. सरांनी मला वसाहतीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये भिंतीकडेने गरागरा पळवलं. कोपऱ्यांवर गाद्या उभ्या केल्या, कारण पहिल्याच दिवशी मी एका कोपऱ्यात भिंतीला भेटलो. त्यांचा मंत्र एकच होता. आतली कड सोडायची नाही. बाहेरून गेलास की प्रत्येक वळणाला चार पावलं जादा पडतात आणि ती कोणी परत देत नाही.

घरी मात्र दुसरंच शिजत होतं. मुंबईच्या एका एजंटाला सांगून आबांनी माझी बोटीवर भरती ठरवली होती. पासपोर्ट झाला होता, खलाशाची सीडीसी, म्हणजे बोटीवर चढायला लागणारं नोंदणीपुस्तक, हातात आली होती, डॉक्टरी तपासणी झाली होती. पळून पोट भरत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पेन्शन नाही, शेत नाही, नारळाची सात झाडं, आणि घरात मिळवतं कोणी नाही. साळवी सर एकदा मुद्दाम गुहागरहून एसटी बदलून घरी आले आणि त्यांनी आबांना समजावलं की परदेशात पदक मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून मुलाला कायमची नोकरी मिळेल. आबांनी त्यांना चहा-घावणे दिले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि सर गेल्यावर मला बोलावलं.

"पयल्या तिघांत आलास तर तुझा तू मोकळा," ते म्हणाले. "नाय आलास तर वैशाखात बोटीवर. मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गंमत म्हणजे बोटीसाठी काढलेलाच पासपोर्ट या स्पर्धेला उपयोगी पडला. पासपोर्ट आणि सीडीसी एकाच प्लास्टिकच्या पाकिटात होते. आबांनी पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला आणि सीडीसी परत पाकिटात घालून कपाटात ठेवली. कपाटाच्या मुठीलाही अर्थात दोरी होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आबांवर अन्याय होईल. शनिवार-रविवार सोडून बाकीचे दिवस मी आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत पळायचो. सरांनी काढलेला तो कागद मी पाटावर ठेवला होता, आबांनी तो दोन दिवस पाहिला असावा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पळत असताना ते सुरूच्या झाडांतून खाली उतरले आणि मला थांबवलं. म्हणाले, "उत्तरेकडं पळ. परत येताना चाल." मला काही कळेना. मग त्यांनी हाताने दाखवलं. किनारा समुद्राकडे उतरता. उत्तरेकडे तोंड केलं की डावा पाय खाली, उजवा वर. कागदावरच्या वळणावरही तसंच, डावा आत आणि खाली. दक्षिणेला पळालास तर शिकलेलं पुसलं जाईल, म्हणून येताना चालायचं. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की शास्त्रात हे कितपत बसतं माहीत नाही, पण पळ. मी चार महिने रोज उत्तरेकडे पळालो आणि चालत परत आलो. ज्या माणसाने माझी सीडीसी कपाटात ठेवली होती त्यानेच मला वळण शिकवलं, आणि यातलं कुठलं खरं धरायचं हे मला समजत नव्हतं.

स्पर्धेचं गाव थंड होतं, बाहेर बर्फ आणि आत उबदार कोरडी हवा, ती घशात गेली की खोकला येई. आईने सुकटाची चटणी बांधून दिली होती. हॉटेलच्या खोलीत मी ती उघडली तेव्हा माझ्यासोबतचा पंजाबी गोळाफेकपटू काही न बोलता आपली उशी घेऊन शेजारच्या खोलीत झोपायला गेला. मी पावाला चटणी लावून खाल्ली आणि बरं वाटलं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, याला खिडक्या का नाहीत? वारा नाही, वास रंगरोगणाचा, आणि कोणीही पळालं की फळ्यांचा धडधड आवाज छपराला लागून परत अंगावर. पण वळणावर पाय टाकला आणि चकित झालो. ते माझ्या ओळखीचं होतं. डावा खाली, उजवा वर. प्राथमिक फेरीत मी सहज पळालो आणि अंतिम शर्यतीत गेलो.

माझ्या मुलीने, मनवाने, गेल्या वर्षी त्या शर्यतीची चित्रफीत मोबाइलवर कुठूनशी शोधून काढली. फिकट, थरथरणारी, कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेली. तोवर मी ती शर्यत फक्त आतून पाहिली होती. आम्ही नऊ जण. बंदूक वाजली, पहिल्या वळणाला मी बरोबर आतल्या कडेला, पाचवा. सरांना बघून आनंद झाला असता. कोणालाच पुढे जाऊन वेग वाढवायचा नव्हता, त्यामुळे सगळे एका गठ्ठ्यात. माझ्या डाव्या हाताला ट्रॅकची कड, समोर हिरव्या बनियनचा एक रुंद पाठीचा माणूस, उजव्या खांद्याला लागून एक उंच गोरा, आणि मागच्याच्या बुटांचे खिळे अधूनमधून माझ्या टाचेला लागत. पहिल्या तीन फेऱ्या मला हे बरं वाटलं. चौथ्या फेरीत समोरचा हिरवा किंचित मंदावला, मला पाऊल आखडावं लागलं, आणि तेव्हा कळलं की मी कोंडला गेलोय. पुढे जाता येत नाही, उजवीकडे जाता येत नाही, डावीकडे तर ट्रॅकच संपतो. पळणारे याला बॉक्स म्हणतात. माझ्या पायांत भरपूर शिल्लक होतं आणि ते खर्च करायला एक हातभर जागा नव्हती. उंच गोऱ्याला ते माहीत होतं. तो एकदा वळून माझ्याकडे बघून घेतो, चित्रफितीत तेही दिसतं.

त्यातून सुटायचा एकच मार्ग असतो. पाऊल सोडायचं, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं, शेवटचं व्हायचं आणि मग मोकळ्या बाहेरच्या बाजूने वळसा घालून पुढे यायचं. हे मला सरांनी शिकवलं नव्हतं, पण मला येत होतं. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीने समुद्रात जाळं अर्धगोल सोडायचं आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून माणसांनी रांगेने ओढायचे. ओढत ओढत रांग मागे सरकते, वर वाळूत जाते. सगळ्यात मागचा माणूस वर पोचला की दोर सोडतो, खाली पाण्यापर्यंत चालत जातो आणि रांगेच्या पुढे जाऊन दोर पुन्हा धरतो. शेवटचा तो पहिला होतो, मग त्याच्या पुढे उभा होता तो. दोर सोडताना कोणाला लाज वाटत नाही. आठव्या वर्षापासून मी रापणीवर हे हजार वेळा केलं असेल.

पाचवी फेरी संपताना मला ते आठवलं, अगदी स्पष्ट. अडीच फेऱ्या बाकी होत्या, जागा पुरेशी होती. मी पाऊल सैल केलंसुद्धा. हिरव्याची पाठ अर्ध्या हाताने लांब गेली. आणि त्या क्षणी मला कपाटाच्या मुठीची दोरी दिसली. शेवटचा झालो आणि शेवटचाच राहिलो तर? पाचव्याला निदान तिसरा व्हायची आशा असते. मी घाबरून पुन्हा हिरव्याच्या पाठीला चिकटलो. मनवा चित्रफीत थांबवून तिथेच विचारते, "बाबा, इथे तुम्ही मागे आला होतात की. मग परत आत का गेलात?" तिला मी सांगितलं की कळलं नाही. कळलं होतं.

घंटा वाजली, शेवटची फेरी. पुढचे तिघे निघून गेले. गठ्ठा फुटला तो शेवटच्या सरळ पट्ट्यावर, हिरवा आणि गोरा दोघे दमून बाजूला झाले आणि मला एकदम रिकामा ट्रॅक मिळाला, जेमतेम चाळीस मीटर. मी जन्मात पळालो नाही इतका जोरात पळालो. चौथा आलो. तिसऱ्याची पाठ हाताला लागेल एवढी जवळ होती. बाकीचे फळ्यांवर आडवे पडून धापा टाकत होते आणि मी त्यांच्यामध्ये उभा, श्वाससुद्धा नीट चढलेला नाही. हरल्याचं दुःख माणूस विसरतो. मी विसरलो नाही ते हे, की माझे पाय ताजे होते.

घरी पोचलो तो बाराच्या सुमाराला. आबांना पेपरमधून कळलं होतं. आईने ताट वाढलं, तिखल्यात तिरफळं सढळ होती, मी पाहुणा झालो होतो. आबा काही विचारेनात. हात धुऊन झाल्यावर एवढंच म्हणाले की उद्या सकाळी रापण आहे, ये. मला वाटलं, हे शेवटचं. वैशाखाला दोन महिने होते.

सकाळी आम्ही एकाच दोरावर होतो, ते पुढे, मी त्यांच्या मागे. ओढता ओढता, तोंडही न वळवता त्यांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. हिरवा, गोरा, कड, टाचेला लागणारे खिळे. ते ऐकत होते आणि पाऊल पाऊल मागे येत होते. माझं सांगून झालं तेव्हा मी रांगेत शेवटचा होतो, पायाशी दोराचं वेटोळं.

"मग दोर का नाय सोडलास?" ते म्हणाले. "शेवटला गेला म्हणून कोण बुडत नाय. हे तुला येत होता."

"तुमची बोट दिसत होती," मी म्हणालो.

बापाला असं तोंडावर मी कधी बोललो नव्हतो. ते दोर ओढायचे थांबले आणि आमच्या रांगेचा ताल चुकला, पुढून कोणीतरी हटकलं. मी दोर सोडला, खाली पाण्याकडे जायला निघालो. त्यांनी माझा दंड धरला आणि मला परत दोरापाशी उभं केलं. मग स्वतःच्या हातातला दोर टाकून ते माझ्याऐवजी उतरत गेले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सगळ्यांच्या पुढे दोर धरला. त्यांची पाळी नव्हती. सगळी रांग बघत राहिली. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. रापणीत त्या दिवशी तारली आली होती, दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळाला, आम्हाला दोन.

चार दिवसांनी ते मुंबईला जाऊन आले. आल्यावर आईला म्हणाले, "एजंटाला नवा पोरगा नकोच होता. जुना माणूस मिळतो म्हटल्यावर खूश झालान." आई चुलीपुढे बसली होती, ती उठली नाही. तिने विचारलं, "पुन्ना?" ते म्हणाले, दोन खेपा. दोन खेपांत मुलगा काय ते करील. मी म्हणालो, मी जातो, ठरलंय तसं मी जातो. खरंच जायला तयार होतो, शपथेवर सांगतो. आबांनी कपाट उघडलं, माझी सीडीसी काढून माझ्या हातात दिली आणि सांगितलं की हिचं काय करायचं ते कर. चौपन्नाव्या वर्षी तो माणूस आपली ट्रंक झटकायला लागला.

वैशाखात, पहाटेची एसटी धरायच्या आदल्या दिवशी, ते घरभर फिरले आणि सगळ्या गाठी सोडल्या. डब्याची, पाटांची, शिडीची, कपाटाच्या मुठीची. बाकाच्या पायाची गाठ इतकी घट्ट झाली होती की ती सोडायला त्यांना अर्धा तास लागला, पण त्यांनी ती कापली नाही. दोऱ्या गुंडाळून ट्रंकेत टाकल्या. ते गेल्यावर आईने बाक सरकवून त्याखालचा केर काढला. मग साडीच्या जुन्या काठाने त्याचा पाय पुन्हा खांबाला बांधून टाकला, वाकडातिकडा. म्हणाली, ते येईपर्यंत राहू दे.

लोकांना वाटतं, मोकळा झालो. मीही तसंच सांगतो. पण आबा गेले त्या दिवसापासून माझ्याने पळवेना. किनाऱ्यावर जायचो, उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचो आणि बादली उशाशी घेतलेला माणूस डोळ्यांपुढे यायचा. माझी सगळी कारणं संपली होती. आता हरलो तर दोष द्यायला घर नव्हतं, घड्याळ नव्हतं, बोट नव्हती. त्या हॉलमध्ये निदान साडेसात फेऱ्यांनी सुटका झाली होती. पुढे तीन वर्षं पळालो, पदक काही मिळालं नाही, आणि मग शाळेत खेळाचा मास्तर झालो, ते आजवर. आबा दोन खेपा करून सुखरूप परत आले आणि आम्हाला पुन्हा बाराच्या ठोक्याला जेवायला लावलं.

पण मला सांगायचंय ते पहिल्या फोनचं. ते गेल्याला पंधरवडा झाला असेल. भर दुपारी नाक्यावरच्या दुकानातून निरोप आला, आम्ही धावत गेलो. आईने फोन घेतला आणि नेहमीचं विचारलं, "तीन दिवस झाले?" मग ती ऐकत राहिली. फोन माझ्याकडे देताना म्हणाली, "या खेपेला नऊ."

मी फोन कानाला लावला. खरखर होती, आणि आबांचा आवाज लांबून यावा तसा.

"पळतोस ना?" त्यांनी विचारलं.

"पळतो," मी म्हणालो.

"उत्तरेकडं?"

"हो."

फोन कटला. पंधरा दिवसांत मी एकदाही पळालो नव्हतो. आईला दुकानातच सोडून मी तसाच किनाऱ्यावर गेलो. दुपारची ओहोटी होती, वाळू वरून भाजत होती आणि खाली ओली होती. चपला सुरूखाली काढल्या आणि उत्तरेकडे तोंड करून पळत सुटलो, डावा पाय खाली, उजवा वर, जिथे किनारा संपून खडक लागतात तिथपर्यंत. खडकांना हात लावला तेव्हा पाय थरथरत होते आणि श्वास छातीत मावत नव्हता. परत येताना, सांगितलं होतं तसं, चालत आलो.